ताप मेंदूत चढत नाही, मेंदूतून येतो

"डॉक्टर साहेब, पोराच्या मेंदूत ताप चढला जी. एक सुई मारून द्या, लवकर उतरला पाहिजे."

यवतमाळात प्रॅक्टिस सुरू केल्यापासून हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. आजी घाबरलेली असते. पोरगं तिच्या पदराखाली कुडकुडत असतं. थर्मामीटर १०३ दाखवतो. पण ते पोरगं माझ्या टेबलावरच्या टॉर्चकडे बघत असतं, पाणी मागतं आणि सुईचं नाव काढताच मोठ्याने रडायला लागतं. त्या रडण्याने मला हायसं वाटतं. सुईला घाबरण्याइतकं भान ज्या मुलाला आहे, त्याचा मेंदू त्या घडीला ठीक चालला आहे.

आता दुसरा प्रसंग. मे महिना, दुपारचे साडेतीन. घाटंजीकडच्या एका गावातून एका माणसाला ऑटोत घालून आणलं. वय चाळिशीच्या आत. सकाळपासून शेतातल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होता. दुपारी काहीबाही बडबडायला लागला, मग खाली बसला, मग कोसळला. अंग चटका बसावा इतकं गरम. गावात कुणीतरी तापाची गोळी तोंडात घातली. वाटेत एका ठिकाणी तापाचं इंजेक्शनही झालं. अंगावर मात्र कुणी पाण्याचा थेंब टाकला नाही, कारण "तापात पाणी लागलं तर निमोनिया होते." माझ्यापर्यंत पोचायला दीड तास लागला. थर्मामीटर १०७. आम्ही जे करायचं ते केलं, पण तो वाचला नाही.

दोन्ही घरांनी शब्द एकच वापरला: ताप. उपायही एकच मागितला: ताप उतरवायचं औषध. पहिल्या पोराला ते औषध दिलं नसतं तरी चाललं असतं. दुसऱ्या माणसाला त्या औषधाचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याला पाण्याची गरज होती, अंगावर, तिथेच शेतात, पहिल्या दहा मिनिटांत.

म्हणून आज माझं एकच म्हणणं आहे. अंग गरम लागलं की आकडा बघण्याआधी एक प्रश्न विचारायला शिकू या: ही उष्णता मेंदूने मागितली आहे, की बाहेरून शरीरावर लादली गेली आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार पूर्ण उलटे होतात. ते का, हे समजायला मेंदूत थोडं डोकवावं लागेल.

मेंदूतला ब्रेक

मेंदूच्या तळाशी, साधारण मधोमध, हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. त्याच्या पुढच्या टोकाला प्रीऑप्टिक भाग म्हणतात. इथल्या काही पेशींना तापमान कळतं. भोवतालचं रक्त किंचित गरम झालं की त्या भराभर संदेश पाठवतात, थंड झालं की मंदावतात. १९६१ साली नाकायामा, आयझनमन आणि हार्डी या संशोधकांनी प्राण्यांच्या मेंदूचा हा भाग मुद्दाम थोडा गरम करून एकेका पेशीचे विद्युत संदेश मोजले, आणि अशा पेशी खरंच असतात हे दाखवून दिलं.

त्वचेला लागणारं ऊन-थंडीसुद्धा इथेच कळवलं जातं. त्वचेतून ती बातमी मज्जारज्जूत जाते, तिथून मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, आणि तिथून वर प्रीऑप्टिक भागात. वाटेवरच्या मज्जारज्जूत आणि ब्रेनस्टेममध्येही तापमान ओळखणाऱ्या पेशी सापडल्या आहेत. गावाच्या वेशीवर आणि चौकात वेगवेगळे राखणदार असावेत तसं हे आहे. सगळ्यांच्या बातम्या एकत्र करून निर्णय मात्र मुख्यतः प्रीऑप्टिक भाग घेतो.

निर्णयाची अंमलबजावणी पुन्हा ब्रेनस्टेमकडे येते. त्याच्या सर्वांत खालच्या भागाला मेड्युला म्हणतात. तिथे मधल्या रेषेवर राफे नावाचा पेशींचा पट्टा आहे. या पेशी चेतल्या की शरीर तापवणारी कामं सुरू होतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आतली उष्णता बाहेर जात नाही. स्नायू थरथरतात, म्हणजे हुडहुडी भरते. तान्ह्या बाळांच्या पाठीत आणि मानेभोवती तपकिरी चरबी असते, ती जळून उष्णता तयार होते.

मग एरवी आपण सतत कुडकुडत का नाही? कारण प्रीऑप्टिक भागातल्या त्या उष्णता ओळखणाऱ्या पेशींनी मेड्युलाकडे जाणाऱ्या वाटेवर ब्रेक दाबून धरलेला असतो. उतारावर उभी केलेली मोटारसायकल डोळ्यांसमोर आणा. गाडी पुढे जायला तयारच आहे, ब्रेकवर पाय आहे म्हणून थांबली आहे. थंडी वाजली की पाय थोडा उचलला जातो, ऊब आली की पुन्हा दाबला जातो.

आता शरीरात जंतू शिरले. मलेरियाचा परोपजीवी असो, डेंग्यूचा विषाणू असो की लघवीच्या मार्गातले जिवाणू. आपल्या पांढऱ्या पेशी रक्तात रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोचला की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य तयार होतं. ते नेमकं त्या ब्रेक धरणाऱ्या पेशींवर जाऊन बसतं आणि त्यांना गप्प करतं. पाय ब्रेकवरून उचलला जातो, मेड्युलातल्या पेशी मोकळ्या सुटतात, शरीर तापू लागतं. हाच ताप. तो बाहेरून मेंदूत चढत नाही. मेंदू स्वतः हुकूम सोडतो आणि शरीर तो पाळतं.

थंडी वाजून ताप येतो तो असा

हे समजलं की घरातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ताप चढताना हातपाय थंडगार का? रक्तवाहिन्या आकसल्या म्हणून. अंग १०२ असताना थंडी का वाजते? मेंदूला १०४ हवे आहेत, आणि १०२ त्याला कमी वाटतात म्हणून. घाम फुटला की ताप उतरला, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगतात. ते बरोबर आहे. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं, ब्रेकवर पाय परत आला, आता मेंदू जास्तीची उष्णता बाहेर टाकतो आहे.

यावरूनच कळतं की कुडकुडणाऱ्या मुलाच्या अंगावर बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवण्यात अर्थ नाही. मेंदूने १०४ चा हुकूम दिला असताना तुम्ही कातडी थंड केली, तर तो हुडहुडी आणखी वाढवतो. पोरगं रडतं, आकसतं, आणि आतलं तापमान फारसं हलत नाही. थंडी वाजते तेव्हा अंगावर पातळ पांघरूण द्या, घाम येऊ लागला की ते काढा. दोन-दोन गोधड्यांत गुंडाळू नका.

तापाची गोळी काय करते? १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पॅरासिटामॉलही मेंदूत प्रोस्टाग्लँडिन कमी करूनच ताप उतरवतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: तापाची गोळी फक्त प्रोस्टाग्लँडिनमुळे आलेला ताप उतरवू शकते.

तो उतरवायलाच हवा का? १९७५ साली मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी सरड्यांवर एक प्रयोग केला. सरड्याला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही, तो ऊन-सावली शोधून अंग तापवतो. जिवाणूंचा संसर्ग दिलेले सरडे वेगवेगळ्या तापमानात ठेवले, तेव्हा जास्त उबेत ठेवलेले जास्त जगले. माणूस सरडा नाही, हे मान्य. पण माणसांवरचाही एक मोठा अभ्यास आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या अतिदक्षता विभागांत, संसर्गाचा संशय आणि ताप असलेल्या सुमारे ७०० रुग्णांवर तो झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पॅरासिटामॉल दिलं, निम्म्यांना दिलं नाही. अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या दिवसांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. गोळीने आराम वाटतो, अंगदुखी कमी होते, मूल पाणी पितं, झोपतं. तेवढ्यासाठी ती जरूर द्या, वजनाप्रमाणे. आकडा खाली आणण्याच्या हट्टासाठी देऊ नका.

जंतूंच्या तापाने मेंदू जळत नाही. हुकूम देणारा मेंदू स्वतःच वरची मर्यादा राखून असतो, म्हणून अशा तापात पारा सहसा १०६ च्या पुढे जात नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्या आईचा जीव जातो हे मला माहीत आहे, पण अशा साध्या झटक्याने मुलाच्या बुद्धीवर परिणाम होत नाही. गोळी वेळेवर दिली की झटका येणारच नाही, याचीही खात्री देता येत नाही.

मग सुईचा हट्ट का? कारण सुईने दोन तासांत अंग गार पडतं आणि डॉक्टर हुशार वाटतो. इथे दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. पावसाळ्यात येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो. त्यात डायक्लोफेनॅकसारखी इंजेक्शनं आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, आणि प्लेटलेट कमी असताना कुल्ल्यावर टोचलेल्या सुईच्या जागी रक्त साकळतं. निमेसुलाईड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. ताप तासाभरात उतरवून दाखवणारा डॉक्टर चांगला, ही समजूत रुग्णांची आहे. पण ती आम्ही पोसली आहे.

मे महिन्यातली आग वेगळी

आता त्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या माणसाकडे परत येऊ. त्याच्या मेंदूत प्रोस्टाग्लँडिनने ब्रेक सोडलेला नव्हता. उलट त्याच्या मेंदूने ब्रेक पूर्ण दाबला होता. त्वचेतल्या रक्तवाहिन्या जितक्या उघडता येतील तितक्या उघडल्या, घामाच्या ग्रंथींना पूर्ण जोर लावायला सांगितला. मेंदू त्याला थंड ठेवायला शेवटपर्यंत झटत होता.

पण बाहेर ४४-४५ अंश. आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की ती उष्णता घेत नाही, देते. मग उरतो फक्त घाम, आणि तोही वाळला तरच उपयोगाचा. त्यासाठी पाणी हवं, मीठ हवं, हृदयाने त्वचेकडे भरपूर रक्त ढकलायला हवं. सकाळपासून उपाशीपोटी, बाटलीभर पाण्यावर काम करणाऱ्या माणसाकडे हे सगळं दुपारी दोनपर्यंत संपतं. काम करणाऱ्या स्नायूंतून उष्णता येतच राहते. आतलं तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ च्या पुढे गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध झाला, की तो उष्माघात. इथे मात्र उष्णता खरोखर मेंदूला इजा करते. लहान मेंदूतल्या पेशी विशेष नाजूक असतात, म्हणून वाचलेल्यांपैकी काहींची चाल नंतर कायमची डळमळीत होते.

"मेंदूत ताप चढला" हे वाक्य ज्याला लागू होतं, तो हा माणूस. आणि नेमकं त्याच्याच बाबतीत घरच्यांना तसं वाटत नाही. "ऊन लागलं, झोपू द्या, होईल बरा," म्हणतात. प्रोस्टाग्लँडिन नसल्याने तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे. उष्माघातात यकृत आधीच भाजून निघत असतं, तिथे पॅरासिटामॉलचा भार टाकणं धोक्याचंही आहे. खिशातला कांदा इजा करत नाही, पण वाचवतही नाही.

उष्माघात फक्त शेतात होतो असंही नाही. टिनाच्या खोलीत पंख्याखाली पडून असलेली आजी दोन-तीन दिवसांत हळूहळू त्याच अवस्थेला जाते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर दुपारी कार्यक्रमाला बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. ते काही फावडं मारत नव्हते, उन्हात नुसते बसले होते.

आधी पाणी, मग गाडी

उष्माघातात जीव वाचतो की जातो, हे पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. त्या वेळात तापमान १०२ च्या आसपास आणता आलं तर माणूस सहसा वाचतो. ज्या गावाहून दवाखाना तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे हा अर्धा तास दवाखान्यात नव्हे, शेतातच घालवायचा आहे. म्हणून मी सगळ्यांना चार शब्द पाठ करायला सांगतो: आधी पाणी, मग गाडी.

काय करायचं ते नीट वाचा. १०८ ला फोन लावा आणि त्याच वेळी सुरुवात करा. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, काढता येतील ते काढा. ताडपत्री आणा. यवतमाळ जिल्ह्यात असं शेतकऱ्याचं घर नाही जिथे ताडपत्री नाही. त्यावर माणसाला निजवा. चौघांनी चार कोपरे उचलून तिचा पाळणा करा, डोकं आणि तोंड पाण्याबाहेर राहील असं बघा, आणि त्यात विहिरीचं, बोअरचं, माठाचं, मिळेल ते पाणी ओता. पाणठेल्यावरचा बर्फ मिळाला तर तोही टाका. ताडपत्री हलवत राहा म्हणजे पाणी अंगाभोवती फिरेल. हे मी मनाने सांगत नाही. मैदानावर कोसळलेल्या खेळाडूंसाठी हीच पद्धत परदेशात शिकवली जाते. ताडपत्री नसेल तर अंगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बोअरचं पाणी कोमट लागलं तरी चालेल, १०६ च्या अंगाला ते थंडच आहे.

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस, गोळी, काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं. घाम दिसतो म्हणून "उष्माघात नाही" असं म्हणू नका. काम करता करता कोसळलेल्याचं अंग घामाने ओलं असू शकतं. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका. अशा वेळी तो आतल्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवू शकतो.

कुणी विचारेल, खेड्यातल्या माणसाने साधा ताप आणि उष्माघात ओळखायचा कसा? दोन प्रश्न पुरतात. गेले काही तास तो कुठे होता? आणि तो शुद्धीवर, सरळ बोलतो आहे का? उन्हाळ्याचे दिवस, उकाड्यातली जागा आणि बिघडलेलं भान, हे तिन्ही असलं की पाणी ओता. कधी तो मेंदूचा मलेरिया किंवा मेंदूज्वर निघेल. तेव्हाही त्याला दवाखान्यात न्यायचंच आहे. आणि त्याच्या अंगावर पाणी पडल्याने जे नुकसान होईल, ते उष्माघाताच्या माणसावर पाणी न टाकल्याच्या नुकसानीपुढे काहीच नाही. शंका असेल तर पाणी टाका. निमोनिया पाण्याने होत नाही, जंतूंनी होतो.

फवारणीच्या दिवसांतला ताप

आपल्या जिल्ह्यात अंग तापण्याचा तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याबद्दल यवतमाळकरांनी तरी बोललं पाहिजे. २०१७ च्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारणारा माणूस स्वतःच फवाऱ्यात उभा होता. त्या काही महिन्यांत जिल्ह्यात किमान वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात भिनलं की अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य शरीरात साचतं. माणूस घामाने चिंब होतो, लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी साचल्यासारखा श्वास घरघरतो. अंग सुरुवातीला अनेकदा थंडच लागतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन हे जीव वाचवणारं औषध, आणि ते भरपूर द्यावं लागतं. पण मेंदूने ब्रेनस्टेममार्गे पाठवलेला घामाचा हुकूम शेवटी अ‍ॅसिटिलकोलीनच ग्रंथीपर्यंत पोचवतं, आणि अ‍ॅट्रोपिन नेमकी ती शेवटची तार तोडतं. मात्रा जास्त झाली की तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बडबडतो, हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात करतो आणि अंग तापतं. खाटेजवळ बसलेली बायको म्हणते, "डॉक्टर साहेब, यायच्या मेंदूत ताप चढला."

हा तापही मेंदूचा हुकूम नाही. इथे अँटिबायोटिक वाढवण्याआधी अ‍ॅट्रोपिनची मात्रा तपासायची असते, अंग ओलं करून पंखा लावायचा असतो. सोबत छातीत संसर्ग झाला आहे का, हेही बघावं लागतं. धोत्र्याच्या बिया खाल्लेल्या मुलाचं अंग असंच कोरडं आणि गरम होतं. काही मनोविकारांच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घाम कमी करतात. त्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात जास्त जपलं पाहिजे, पण मनाने गोळी बंद करू नये.

फवारणीनंतरच्या चर्चेत एक आरोप नेहमी ऐकू येतो: "किट दिले तरी शेतकरी घालत नाहीत." मी तो मान्य करत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा पोशाख अंगावर घाला, पाठीवर भरलेला पंप घ्या आणि एक तास कपाशीत चाला. घाम वाळत नाही, आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि मेंदू ओरडून सांगतो की हे काढ. तो माणूस आळशी नाही, त्याच्या प्रीऑप्टिक पेशी काम करत आहेत. शिवाय उन्हात त्वचेकडे रक्त वाढलेलं असतं आणि कातडी घामाने ओली असते, म्हणून विष आत जास्त मुरतं. उपाय वेळेत आहे: पहाटे फवारणी, ऊन चढायच्या आत बंद, लगेच साबणाने आंघोळ. किट द्यायचं तर विदर्भाच्या हवेत घालता येईल असं द्या.

मला काय हवं आहे

दर उन्हाळ्यात उष्माघात कक्ष उघडल्याची बातमी येते. खाट असते, कूलर असतो, सलाईन असतं. मी अशा कक्षात गेलो की टब, बर्फ आणि गुदद्वारातून तापमान मोजायचा थर्मामीटर शोधतो. बरेचदा तिन्ही नसतात. हे हजारो रुपयांचं काम नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मार्चमध्ये एक मोठा टब किंवा दोन ताडपत्र्या, बर्फाची सोय आणि तो थर्मामीटर असावा. आशाताईच्या पिशवीत तापाच्या गोळ्या असतातच, सोबत "आधी पाणी, मग गाडी" हे चार शब्दही असावेत. रोजगार हमीच्या कामावर, तेंदूपत्त्याच्या फडीवर, वणीकडच्या खाणीत मुकादमाने पाण्याची टाकी भरली आहे का, हे सकाळी कुणीतरी बघावं.

आणि तापाच्या बाबतीत आकड्याऐवजी माणसाकडे बघू या. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तरी लगेच दवाखाना गाठा. मोठ्यांमध्ये मान आखडणं, भान हरपणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, अंगावर रक्ताचे डाग, पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, यातलं काही असेल तर ताप १०० असला तरी घाई करा. ताप तीन दिवसांवर गेला तर रक्त तपासा: मलेरिया, डेंग्यू, आणि शेतात, गवतात वावर असेल तर स्क्रब टायफसही. अंगावर कुठे काळी खपली पडली आहे का ते डॉक्टरला दाखवा, काखेत, जांघेत लपलेली असली तरी. आणि म्हाताऱ्या माणसांत संसर्ग मोठा असूनही ताप येत नाही कधीकधी, हेही विसरू नका.

त्या आजीला मी सुई दिली नाही. पोराला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं, मलेरियाची तपासणी केली, पाणी पाजत राहायला सांगितलं आणि वरची लक्षणं तिच्याकडून परत वदवून घेतली. ती थोडी नाराज होऊनच गेली. तिसऱ्या दिवशी पोरगं स्वतःच्या पायांनी चालत आलं.

तिला मी जाताना म्हटलं होतं, "आजी, ताप मेंदूत चढला नाही. मेंदूनेच जंतूंशी भांडायला तो काढला आहे. पण मे महिन्यात घरातलं कुणी उन्हातून येऊन बरळायला लागलं, तर सुईसाठी धावू नका. आधी बादली घ्या."